बंद मशीन, हलता देखावा आणि एक वही: इलेक्ट्रॉनिक्सची स्वतंत्र कामं घेणाऱ्या नवख्यांसाठी

या धंद्यात फोन दोनच प्रकारचे येतात. एक, "आमच्या म्युझियममध्ये, शोरूममध्ये, नाहीतर मंडळात असं काहीतरी करायचंय की माणूस समोर आला की दिवे लागतील, आवाज येईल, मूर्ती हात वर करेल, होईल ना?" आणि दुसरा, "भोसरीत मशीन उभं आहे, बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली, ड्रॉइंग नाही, कार्ड उडालंय, जरा बघून जाता का?" पहिल्यात नवीन वस्तू उभी करायची, दुसऱ्यात दुसऱ्या कुणी उभी केलेली वस्तू उलगडायची, ज्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. दोन्ही कामं बहुतेकदा एकच माणूस करतो कारण एकट्या एकावर वर्षभर घर चालत नाही, इन्स्टॉलेशनची कामं गणपतीच्या आणि प्रदर्शनांच्या आधी एकदम अंगावर येतात आणि मशीन मात्र कधीही बंद पडतं. डिप्लोमा किंवा बीई करून नोकरीऐवजी यात पडायचं असेल तर हे वाचा, मी ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने करा असं नाही पण टेबल आणि सेफ्टीचा भाग गाळू नका.

१. आधी टेबल

सुरुवातीला भारी ऑसिलोस्कोप घ्यायच्या नादाला लागू नका. चांगला मल्टिमीटर, टेम्परेचर कंट्रोलवाली सोल्डरिंग स्टेशन, करंट लिमिट असलेला बेंच पॉवर सप्लाय आणि आठ चॅनेलचा साधा २४ मेगाहर्ट्झवाला लॉजिक अॅनालायझर (वायरवरचे ०-१ चे सिग्नल रेकॉर्ड करून दाखवणारा), एवढ्यावर पहिली बरीच कामं निघतात. तो अॅनालायझर हजाराच्या आसपास मिळतो आणि पल्सव्ह्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर चालतो. स्कोप नंतर, दोन पेमेंट आली की.

एक वस्तू मात्र विकत मिळत नाही, ती स्वतः बनवायची: सिरीज लॅम्प. जुने टीव्ही रिपेअरवाले ओळखतात. फेजच्या वायरमध्ये होल्डर टाकायचा, त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब, पुढे सॉकेट. कुठलंही अनोळखी कार्ड (म्हणजे सर्किट बोर्ड) किंवा एसएमपीएस (मेन्सवरून डीसी बनवणारा पॉवर सप्लाय) पहिल्यांदा थेट २३० ला लावायचंच नाही, या सॉकेटला लावायचं. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर आतला मोठा कपॅसिटर चार्ज झाला आणि पुढे सगळं बहुधा ठीक, बल्ब फुल पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि तुमचा फ्यूज, गिऱ्हाइकाचं कार्ड आणि तुमच्या भुवया तिन्ही वाचल्या. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच लागतो, आणि ते आता सगळीकडे मिळत नाहीत म्हणून दिसले की चार-पाच उचलून ठेवा.

आता सेफ्टी. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की एसएमपीएसच्या प्रायमरीत (मेन्सला जोडलेल्या बाजूत) साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बसून राहतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे लोक दिसतील, तुम्ही १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन प्रोबला बांधून ठेवा, अर्धा मिनिट लावा, मग मीटरने बघा आणि मगच बोट घाला. दुसरं, स्कोपच्या प्रोबची ती काळी क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, प्रायमरी बाजूला लावली तर थेट धमाका, तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरेन्शियल प्रोब लागतो. तिसरं, स्वस्तातल्या बऱ्याच उपकरणांत ट्रान्सफॉर्मरच नसतो, एक मोठा पॉलिएस्टर कपॅसिटर मेन्सच्या वाटेत टाकून ५ व्होल्ट बनवलेले असतात, म्हणजे त्या बोर्डाचा "ग्राउंड" हाच जिवंत असू शकतो. अशा बोर्डाला लॅपटॉप लावायचा नाही, आणि "लॅपटॉप बॅटरीवर आहे ना" हे उत्तर नाही कारण मग लॅपटॉपचं अंगच जिवंत होतं.

२. फोन आल्यावर

फोनवर दर सांगू नका. जाऊन बघायची फी मात्र फोनवरच सांगा, ती वेगळी असते आणि काम मिळालं नाही तरी मिळते, हे ज्याला पटत नाही त्याचं मशीन एवढं अर्जंट नसतं.

जागेवर गेल्यावर मॅनेजर चहा पाजतो आणि मशीनबद्दल त्याला जे वाटतं ते सांगतो. चहा प्या, पण खरी माहिती ऑपरेटरकडे असते, त्याच्याशी मशीनजवळ उभं राहून बोला. शेवटचं नीट कधी चाललं, त्याच्या आधी काय झालं, लाइट गेली होती का, पाणी गळतं का वरून, तुमच्या आधी कुणी हात लावलाय, आणि हा शेवटचा प्रश्न तीन वेगळ्या शब्दांत विचारा कारण पहिल्यांदा उत्तर कायम "नाही" असतं.

मग एकही वायर काढायच्या आधी फोटो. पूर्ण पॅनेल, मग प्रत्येक कार्ड, डिप स्विचच्या पोझिशन, जंपर, कनेक्टर, वायरवरचे फेरूल नंबर (वायरच्या टोकावरच्या बारीक नळीवर छापलेले). नंबर नसतील तर मास्किंग टेप लावून स्वतः टाका. फोटो काढताना झूम करून बघा की अक्षरं वाचता येतायत, संध्याकाळी घरी बसल्यावर तो धूसर आयसी नंबर ओळखायचा म्हणजे कपाळाला हात.

एक गोष्ट आवर्जून. जुन्या बऱ्याच सीएनसी कंट्रोलर आणि पीएलसीमध्ये (दोन्ही म्हणजे कारखान्यातली मशीन चालवणारे कॉम्प्युटरच) पॅरामीटर आणि कधीकधी अख्खा प्रोग्राम बॅटरीवर तग धरलेल्या रॅममध्ये असतो. बॅटरी काढली की सगळं पुसलं, आणि मग ते मशीन खरंच मेलं. त्यामुळे बॅटरीला हात लावण्याआधी मॅन्युअल शोधा (बऱ्याच कंट्रोलरमध्ये पॉवर चालू ठेवूनच बॅटरी बदलायची असते), आणि बॅकअप घेता येत असेल तर तो आधी, बाकी सगळं नंतर.

३. उलगडा: आधी फक्त ऐकायचं

नवीन मुलांना वाटतं की रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे चिपमधून फर्मवेअर, म्हणजे आत भरलेला प्रोग्रॅम, बाहेर काढणं. कधीकधी असतं तसं. पण कारखान्यातल्या कामात शंभरातल्या बहुतेक वेळा आतलं कोड बघायची गरजच पडत नाही, डबा बाहेरून कसा वागतो एवढं कळलं की नवीन डबा बनवता येतो. एक नेहमीचा प्रकार घेऊन सांगतो.

समजा इंडस्ट्रियल ओव्हन आहे. पुढच्या पॅनेलचा डिस्प्ले गेलाय, बटणं दबत नाहीत, पण पॅनेलचा प्रोसेसर अजून मागच्या हीटर कार्डाशी बोलतोय. नवीन पॅनेल मिळत नाही. तुम्हाला ते बनवायचंय.

आधी सप्लाय तपासा: २४, १२, ५, ३.३ जे काही असेल ते. निम्मे "मेलेले" बोर्ड इथेच जिवंत होतात कारण सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. मग मागे जाणाऱ्या केबलच्या कनेक्टरजवळचा आठ पायांचा आयसी बघा, त्यावर ७५१७६ किंवा मॅक्स४८५ असं काही लिहिलेलं असेल तर समजा आरएस-४८५ आहे, म्हणजे दोन वायरींवरून लांबपर्यंत डेटा नेण्याची पद्धत. पाय ५ ग्राउंड, ८ ला ५ व्होल्ट, ६ आणि ७ म्हणजे बाहेर जाणाऱ्या ए-बी लाइन. आपल्याला मात्र पाय १ आणि पाय ४ हवेत: १ वर बाहेरून आलेलं दिसतं, ४ वर पॅनेल काय पाठवतंय ते. दोन चॅनेल या दोन पायांना, ग्राउंड ५ ला (वरची जिवंत ग्राउंडची गोष्ट तपासून झाली असेल तरच), रेकॉर्डिंग सुरू.

पल्सव्ह्यूमध्ये सगळ्यात बारीक पल्स शोधा आणि तिची रुंदी मोजा. १०४ मायक्रोसेकंद आली तर ९६०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), ५२ आली तर १९२००, ८.७ च्या आसपास आली तर ११५२००. यूएआरटी डिकोडर (पल्सचे बाइट करून दाखवणारा) लावला की बाइट दिसायला लागतात, आणि नशीब चांगलं असेल तर पाय ४ वर असं काहीतरी दिसतं:

०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी

हे बघून मला तरी दर वेळी बरं वाटतं कारण हा मॉडबस आरटीयू आहे, मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये काढलेला प्रोटोकॉल, अजून जगभर चालू आहे. ०१ म्हणजे कार्डाचा पत्ता, ०३ म्हणजे "रजिस्टर वाच", ००-०० पासून, ००-०२ म्हणजे दोन, आणि शेवटचे दोन बाइट सीआरसी, म्हणजे निरोप न बिघडता पोचला का ते तपासायचा आकडा. लगेच पाय १ वर उत्तर येतं, ०१ ०३ ०४ आणि पुढे चार डेटा बाइट. त्यात ०० एफए (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा) दिसलं तर दशमानात २५०, म्हणजे बहुधा २५.० डिग्री. बहुधा, अजून खात्री नाही. खात्री कशी करायची, तर सेन्सर हातात धरून गरम करायचा आणि कुठला बाइट हलतो ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दार उघडलं, लिहिलं, काय बदललं, लिहिलं. वही इथे लागते, आणि कागदाचीच घ्या, हाताला फ्लक्स लागलेला असताना लॅपटॉपवर टाइप होत नाही.

मॉडबस नसेल तर शेवटचा बाइट बघा, तो आधीच्या सगळ्या बाइटची बेरीज किंवा एक्सऑर असतो का. छोट्या कंपन्यांचे घरगुती प्रोटोकॉल बहुतेक या दोनात बसतात. आणि ए-बी च्या नावांवर विश्वास ठेवू नका, उत्पादकांमध्ये त्याबाबत एकवाक्यता नाही, काही दिसत नसेल तर दोन वायरी उलट्या करून बघा.

आता महत्त्वाचं. ऐकून पूर्ण समजेपर्यंत स्वतः काही पाठवायचं नाही. ०३ हे वाचन आहे, पण ०६ आणि १० (हेक्समधला, म्हणजे १६) हे लिहिणं आहे, चुकीच्या रजिस्टरला चुकीचा आकडा गेला तर हीटर फुल ऑन राहू शकतो. हीटरचा कॉन्टॅक्टर काढून त्या जागी टेस्टला बल्ब लावा. आणि नवीन पॅनेल कितीही हुशार बनवलं तरी ओव्हनवरचा वेगळा थर्मल कटआउट तसाच ठेवायचा, सॉफ्टवेअरच्या भरवशावर आग सोडायची नाही.

फर्मवेअर काढावाच लागला तर २५ सिरीजची आठ पायांची फ्लॅश ही सगळ्यात सोपी, २५क्यू६४ म्हणजे ८ मेगाबाइट. सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि क्लिप, झालं. पण त्या काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए मध्ये डेटा लाइन ५ व्होल्टच्या असतात आणि चिप ३.३ ची, त्यामुळे आधी मीटर लावून बघा, मोडिफिकेशन करून घ्या. क्लिप लावून वाचताना अख्खा बोर्ड त्या बिचाऱ्या यूएसबीवर जागा होतो आणि कचरा वाचला जातो, म्हणून निदान दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली बाइट-टू-बाइट जुळल्या तरच पुढे जा. मायक्रोकंट्रोलरच्या आतला कोड लॉक केलेला असेल तर तो नाद सोडा, बाहेरून वागणूक मोजून नवीन लिहिणं स्वस्त पडतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण लोक विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीरपणे ताब्यात असलेल्या प्रोग्रॅमचं काम कसं चालतं ते निरीक्षण करून, तपासून समजून घ्यायला आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी त्याचं जुळवून घेण्यासाठी लागणारी, इतर मार्गाने सहज न मिळणारी माहिती काढायला मुभा देतं. म्हणजे गिऱ्हाइकाचं स्वतःचं मशीन चालू करणं एक गोष्ट, आणि "या बोर्डाच्या शंभर कॉप्या काढून द्या, बाजारात विकतो" ही वेगळी गोष्ट, पेटंट, कॉपीराइट सगळंच मध्ये येतं, तिथे वकील गाठा नाहीतर नाही म्हणा. मशीन त्यांचंच आहे आणि उघडायला परवानगी आहे असं ईमेलवर लिहून घ्या. वीजमीटर, पेट्रोल पंपाचा डिस्पेन्सर, वजनकाटा "जरा अॅडजस्ट" करून देता का असं कधी ना कधी कुणीतरी विचारतंच. फोन ठेवून द्यायचा.

४. इन्स्टॉलेशन: वॉचमन एमसीबी पाडणार आहे

हे वाक्य डिझाइनच्या पहिल्या पानावर लिहा. रात्री जागा बंद करणारा माणूस शटडाउनचं बटण शोधत बसत नाही, तो मेन पाडतो आणि घरी जातो, आणि सकाळी वर करतो. तेवढ्यावर सगळं आपोआप उठून चालू व्हायला हवं. रास्पबेरी पाय (एसडी कार्डावर चालणारा छोटा कॉम्प्युटर) वापरत असाल तर असं अचानक बंद झाल्याने एसडी कार्ड खराब होतं, त्यावर रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करून कार्ड रीड-ओन्ली करायचं. मायक्रोकंट्रोलर असेल तर वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर आपोआप रीसेट करणारा टायमर) चालू ठेवायचा.

दिव्यांचा हिशोब लोक नेहमी चुकवतात. डब्ल्यूएस२८१२बी ची (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो ती) मीटरला ६० एलईडीवाली पाच मीटर पट्टी म्हणजे ३०० एलईडी, फुल पांढऱ्याला प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरा, १८ अँपिअर, ५ व्होल्टला ९० वॅट. एका टोकाने सप्लाय दिला तर दुसरं टोक पिवळट-लालसर होतं, कारण व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी मरतात. दोन्ही टोकांना आणि मध्ये पॉवर द्या, किंवा लांब कामाला १२ व्होल्टची डब्ल्यूएस२८१५ घ्या, तिच्यात एक एलईडी गेला तरी पुढचे चालू राहतात. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि या एलईडीला साडेतीन तरी लागतात, टेबलावर चालतं आणि साइटवर लुकलुकतं ते यामुळे. मध्ये ७४एचसीटी घराण्यातला बफर टाका.

मंडळाच्या हलत्या देखाव्यात अजून मजा. तिथे मूर्तींना हालचाल द्यायला गाडीच्या १२ व्होल्टच्या वायपर मोटर वापरतात, दणकट असतात आणि कुठेही मिळतात, पण त्यांच्या ब्रशचा नॉइज एवढा की त्याच सप्लायवरचा कंट्रोलर दर मिनिटाला रीसेट होतो आणि भीम गदा अर्ध्यात धरून उभा राहतो. मोटरचा सप्लाय वेगळा, कंट्रोलरचा वेगळा, मध्ये ऑप्टोकपलर (वायर न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा), आणि मोटरच्या टर्मिनलवर छोटा सिरॅमिक कपॅसिटर. वर भाद्रपदातला पाऊस, जनरेटरचं नाचणारं व्होल्टेज, मंडपाखाली केबल कुरतडणारे उंदीर. बॉक्स आयपी६५ चा (धूळ-पाणी आत न जाणारा), केबल ग्लँडमधून खालच्या बाजूने आत, वरून कधीच नाही. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की सप्लाय तोडणारा) हवाच, लोखंडी मंडप आणि ओली जमीन आहे, त्यात घासाघीस नको.

वायफायवर काही अवलंबून ठेवू नका. रिकाम्या मंडपात सुरेख चालतं, गर्दीत हजारो मोबाइल आले की २.४ गिगाहर्ट्झ पट्टा भरून जातो. वायर टाका: दिव्यांना डीएमएक्स (स्टेजचे दिवे चालवायची ठरलेली पद्धत), बाकीला आरएस-४८५, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. वायर शक्यच नसेल तर लोरा (थोडाच डेटा पण लांबपर्यंत नेणारा रेडिओ), पण मोड्युल घेताना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचंच बघून घ्या, भारतात तो पट्टा विनापरवाना आहे, ९१५ चं अमेरिकेतलं मोड्युल दुकानदार बिनधास्त खपवतो.

रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो त्यासाठी घड्याळ लागतं, डीएस३२३१ चांगलं, पण त्याच्या स्वस्त निळ्या मोड्युलवर बॅटरी चार्ज करायचं सर्किट असतं आणि लोक त्यात चार्ज न होणारी सीआर२०३२ घालतात. तो चार्जिंगचा रेझिस्टर किंवा डायोड काढून टाका नाहीतर सेल फुगतो.

म्युझियमच्या कामात लहान मुलं ही खरी टेस्ट. बटण असेल तर ते हाणलं जाणार, लटकलं जाणार. पॅनेलचं २२ मिलिमीटरवालं इंडस्ट्रियल पुश बटण घ्या, सुंदर दिसणारं नाजूक काही नको.

५. माल

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. चेहरा ओळखीचा होईपर्यंत भाव वेगळा असतो, तक्रार करून उपयोग नाही, जात राहा. तिथे कनेक्टर, वायर, एन्क्लोजर, ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन बघता येतात. आयसी मात्र जपून, जुन्या चिपवर नवीन नंबर मारलेले फिरतात. २०१४ मध्ये एफटीडीआय या यूएसबी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटने बनावट चिपवाल्या यूएसबी केबली जगभर बंद पाडल्या होत्या, तेव्हा कळलं किती जणांकडे खोट्या होत्या. ज्याच्यावर सेफ्टी अवलंबून आहे, म्हणजे रिले, एमसीबी, मोठे कपॅसिटर, ते अधिकृत वितरकाकडूनच आणि बिलावर.

६. पैसे

काम सुरू व्हायच्या आधी "चालू झालं" म्हणजे नक्की काय ते लिहून घ्या. ओव्हन दोनशे डिग्रीला दोन तास स्थिर राहिला म्हणजे झालं, असं. नाहीतर महिन्याने दाराचा बिजागर कुरकुरतो म्हणून पेमेंट अडतं. अॅडव्हान्समध्ये मालाचा पूर्ण खर्च निघायलाच हवा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, पहिल्याच आठवड्यात करा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाने ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. व्याज कुणी मागत नाही पण बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि ही एक ओळ छापलेली असली की अकाउंट्समधली फाइल हलते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी घ्यावाच लागतो. टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर आलाय का ते पोर्टलवर बघत राहा, कापून न भरणारेही असतात.

मंडळाचं काम असेल तर शेवटचा हप्ता प्रतिष्ठापनेच्या दिवशी. विसर्जनानंतर खजिनदार गावाला गेलेला असतो.

७. हातात देताना

तुम्ही भोसरीतल्या त्या मशीनपुढे डोकं धरून बसला होतात कारण आधीच्या माणसाने एक कागद ठेवला नव्हता. तोच आधीचा माणूस आता तुम्ही आहात. वायरिंगचं ड्रॉइंग प्रिंट काढून प्लास्टिकच्या पाऊचमध्ये पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा, कोडची आणि रजिस्टरच्या तक्त्याची कॉपी पेनड्राइव्हवर गिऱ्हाइकाला द्या आणि तशी सही घ्या. "मग ते दुसऱ्याला बोलावतील" ही भीती असते, पण उलट होतं, ज्याने कागद दिले त्यालाच परत बोलावतात, निदान माझा तरी अनुभव तसा आहे. कोडचे हक्क कुणाचे हे मात्र कोटेशनमध्येच ठरलेलं असू द्या.

साइटवर बाहेरच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरात चार ओळी: चालू कसं करायचं, अडकलं तर कुठला एमसीबी पाडून किती वेळ थांबायचं, कशाला हात लावायचा नाही, फोन कुणाला. एका झिप पिशवीत सेटिंग करून ठेवलेला जादा कंट्रोलर, क्लोन केलेलं एसडी कार्ड, चार फ्यूज, एक सप्लाय, आणि ती पिशवी पॅनेलमध्येच ठेवायची. आठवड्याने एकदा जाऊन सगळ्या टर्मिनलचे स्क्रू परत आवळून या, मल्टीस्ट्रँड वायर दबून ढिली होते, आणि ही फेरी कोटेशनमध्ये आधीच धरलेली असू द्या.